स्थळावर केस होती

जालना जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या तीर्थपुरीतली जुनी माणसं अजूनही कचेरीचं काम निघालं की "औरंगाबादला जायचंय" असंच म्हणायची आणि मग स्वतःच हसायची. मी दहावी पास होऊन घरी बसले होते. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं.

मामानं पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ आणलं. आमचं गाव जिल्ह्याच्या एका टोकाला, ते दुसऱ्या. जालन्यात गाडी बदलायची, भोकरदनला पुन्हा बदलायची. तिकडचं पाणी कसं, माणसं कशी, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा बारावीपर्यंत शिकलेला, वडील वारलेले, घरची शेती स्वतः करणारा. बघायला आला तेव्हा सोबत चुलते होते. त्याच्या आईला ताप होता म्हणून ती आली नव्हती. तो पूर्ण वेळ सतरंजीकडे बघत बसला. मला त्याचे मोठे कान तेवढे दिसले, आणि कपबशी धरताना हात थरथरत होता ते. मला तो बरा वाटला.

सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. त्याच आठवड्यात गावच्या बाजाराला हसनाबादकडचा एक बैलांचा दलाल आला. तो आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ओळखीचा. आबांनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, "पोरगं चांगलं है. पन त्याच्यावर एक केस झाल्ती. मारामारीची का कशाची, मला काही म्हाइत न्हाई."

आबा घरी आले आणि टोपी खुंटीला न लावता तसेच बसले. मामाला बोलावणं गेलं. मामा म्हणाला, "झाल्ती. मिटली. एवढीशी गोष्ट, दाजी. मी मुद्दाम बोललो न्हाई."

"एवढीशी व्हती तर बोलायला काय झाल्तं?" आबा म्हणाले.

आई म्हणाली, मोडून टाका. मामा म्हणाला, असं मोडलं तर पोरीचंच नाव होईल. आबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मी जाऊन बघून येतो. केस झाली म्हंजे कुठंतरी कागद असंलच."

आबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. उर्दू झरझर वाचायचे, मराठी मात्र अक्षर अक्षर लावत. म्हणून ते मला म्हणाले, "माय, तू चल संगं. वाचायला कुणीतरी पाहिजे."

आई कपाळाला हात लावून बसली. लग्नाची पोरगी घेऊन बाप कोर्टात चालला, लोक काय म्हणतील? आबांनी छत्री काखेत घेतली, आईनं बडबडत का होईना भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला, आणि आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. तोवर मी आबांबरोबर एकटी कधी कुठे गेले नव्हते. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. जालन्याच्या स्टँडवर त्यांनी मला मोसंबी सोलून दिली, स्वतः खाल्ली नाही. रस्त्याला लागल्यावर ते बाहेरची शेतं बघत माझ्याशी बोलत राहिले. इथली जमीन हलकी, इथं पाणी लागलंय, ह्या माणसानं बांध चांगला घातलाय. लग्नाचं एक अक्षरही काढलं नाही.

भोकरदनला उतरून आम्ही आधी पोलीस ठाण्यात गेलो. मी बाहेरच थांबणार होते, पण आबा म्हणाले, "चोरी केलीय का आपन? चल आत." टेबलामागे पिकल्या मिशांचे एक जमादार बसले होते. आबांनी मुलाचं नाव, गाव सांगितलं आणि विचारलं, ह्याच्यावर काही आहे का?

"तुम्ही कोन?"

"मुलीचा बाप."

जमादारांनी माझ्याकडे बघितलं. "हीच का?" मग त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. "हे बघा पाव्हणं, सरकारी नोकरीचं असतं तर वरून कागद आला असता, आन आमी चौकशी करून लिहून दिलं असतं. कुनीही यावं आन कुनाचंही इचारावं, असं आमाला सांगता येत न्हाई. उद्या तुमच्याबद्दल कुनी इचारलं तर तुमाला चालंल का?"

आबांनी मान हलवली. नाही चालणार.

"पन केस कोर्टात गेली असंल आन निकाल लागला असंल, तर निकालाची नक्कल मागता येते. कोर्ट सगळ्यांसाठी उघडं आस्तं. तिकडं जावा. साल, गाव, बापाचं नाव, येवढं तरी बराबर सांगा. म्हंजे सापडंल."

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टाईपरायटर घेऊन अर्ज लिहून देणारे बसले होते. त्यातल्या एकानं आमचा अर्ज लिहिला. साल आम्हाला नक्की माहीत नव्हतं. दोन-तीन वर्षांमागचं, एवढंच आबांनी सांगितलं. 'नक्कल कशासाठी हवी' ह्या ठिकाणी आबांनी लिहायला लावलं, माहितीसाठी.

आतल्या कारकुनानं नोंदवही काढली आणि बोट फिरवत पानं उलटायला लागला. आम्ही दाराशी उभे. बऱ्याच वेळानं त्याचं बोट थांबलं. "हे घ्या. विहिरीवरची मोटार चोरली. शिक्षा झालीय."

आबा चौकटीला धरून उभे राहिले. त्यांनी छत्रीची मूठ अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. मला एकदम त्या थरथरत्या कपबशीची आठवण झाली आणि वाटलं, म्हणून थरथरत होता काय!

मग आबांनी घसा साफ केला. "साहेब, बापाचं नाव काय लिव्हलंय?"

कारकुनानं वाचलं. नाव दुसरं होतं. गावही पिंपळगावच, पण दुसरं कुठलं तरी पिंपळगाव. आपल्याकडे पिंपळगावं काय थोडी आहेत! कारकून म्हणाला, "नावावर जाऊ नका, एका नावाची लई माणसं सापडतात," आणि पुन्हा पानं उलटायला लागला. पुढच्याच वर्षाच्या वहीत आमचा माणूस सापडला. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. मारहाण. नोंदीत पुढे लिहिलं होतं, तडजोड.

केसचा नंबर अर्जात घातला गेला आणि अर्ज न्यायाधीशांपुढे गेला. त्या केसमध्ये आम्ही कुणीच नव्हतो, म्हणून त्यांची परवानगी लागत होती. दुपारी पुकारा झाला. आबा पुढे गेले, मागे मी. न्यायाधीश तरुण होते, चष्मा लावलेले. त्यांनी अर्ज वाचला.

"तुम्ही फिर्यादीचे कोणी?"

"न्हाई."

"आरोपीचे?"

आबा अडखळले. "आजून न्हाई, साहेब."

"मग माहितीसाठी म्हणजे काय? लोकांच्या केसची माहिती तुम्हाला कशाला?"

आबा शेतात, बाजारात कुणाचंही ऐकून घ्यायचे नाहीत, पण त्या उंच टेबलापुढे त्यांचा आवाजच फुटेना. काळ्या कोटातले वकील आमच्याकडे वळून बघत होते. मला कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हणाले, "साहेब, माझ्या लग्नासाठी पाहिजे."

"लग्न कुणाशी?"

"आरोपीशी."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, वकील हसले, मी मान खाली घातली. न्यायाधीशांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांवर हसू होतं. ते म्हणाले, "मग तसंच लिहा की. कारण खरं असलं की लपवायचं कशाला?" लिंबाखाली जाऊन आम्ही कारण बदलून आणलं: अर्जदाराच्या मुलीचा विवाह सदर आरोपीशी योजिला असल्याने. तो अर्ज लिहिणारा माणूस म्हणाला, इतकी वर्षं बसतोय इथं, असं कारण पहिल्यांदा टाईप केलं.

नक्कल पुढच्या आठवड्यात मिळाली. त्यासाठी पुन्हा तोच प्रवास. कागद हातात पडला तसा आबांनी मला भोकरदनच्या स्टँडवर बाकावर बसवलं आणि म्हणाले, "वाच. जल्दी नको, सावकाश वाच." त्यांनी डोळे मिटून घेतले. दीड पानाचा निकाल होता. आरोपीने फिर्यादीस शेतातील विहिरीजवळ लोखंडी पान्याने डोक्यात मारून दुखापत केली. फिर्यादी हा हसनाबाद येथील डिझेल इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री. उभयतांत आपसात तडजोड झाली असून फिर्यादीची काही तक्रार राहिलेली नाही. सबब आरोपीस मुक्त करण्यात येते. खाली सही आणि गोल शिक्का.

"झालं?" आबांनी डोळे उघडले.

"झालं."

"मारलं आन मिटलं, येवढंच आहे की ह्यात. का मारलं, कसं मिटलं, मानूस कसा आहे, ते न्हाई." स्टँडवर गाड्या लागत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. त्यात एकानं हसनाबादची हाक दिली. आबा उठलेच. "चल माय. ज्याला मारलं त्यालाच इचारू."

हसनाबादला मिस्त्रीचं दुकान विचारावं लागलं नाही. ठोक्यांचा आवाज येत होता तिकडे गेलो. दारात उघडून ठेवलेलं इंजिन, रॉकेलचा वास, आणि काळ्या हातांचा एक तिशीतला माणूस. डाव्या भुवईपासून केसांत गेलेला वण लांबूनही दिसत होता. आबांनी सलाम केला आणि आपल्या शाळेतल्या उर्दूत कशासाठी आलो ते सांगितलं. तो ऐकतच राहिला. हातातला पाना त्यानं हळूच खाली ठेवला.

"आपको मेरा पता कौन दिया?"

"कोर्ट का काग़ज़."

तो इतका हसला की आतून त्याची आई बघायला आली. तिनं मला बघितलं, काय चाललंय ते ऐकलं आणि माझा हात धरून सरळ आत घेऊन गेली. पण मधे नुसता पडदा होता, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"मारा ना, चाचा. बराबर मारा," मिस्त्री सांगत होता. "पर मेरी बी ग़लती थी. उसका इंजिन मैं दुरुस्त करके जाता, और वो फिर बंद पड़ता. मिरची सूख रही थी उसकी. वो चिल्लाया, तो मैं बोला, तेरे बाप ने कभी इंजिन देखा था क्या? उसका बाप नया नया मरा था, मेरे को मालूम था. फिर भी बोला. बस, उसने पाना उठाया." मग म्हणाला, "और फिर खुदच अपना शर्ट फाड़ के मेरा सर बांधा. बैलगाड़ी में डाल के दवाख़ाने ले गया. रास्ते भर रो रहा था. मैं बोला, अबे, मार मेरे को लगा, रोता तू काय को?"

"मंग तडजोड कशी झाली?" आबा आता मराठीवर आले होते.

"तारीख पे जाते तो दिन भर बैठना पड़ता. उधर छाँव का झाड़ एकच. वो बी वहींच बैठता, मैं बी वहींच. कितने दिन मुँह फिरा के बैठेंगे?"

"राग आहे का त्याच्यात?" आबांनी विचारलं.

"है, चाचा. झूठ नहीं बोलूँगा आपसे. लड़की का मामला है."

आत त्याची आई चूल फुंकत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये तो भोला है. मैं माफ़ नहीं की. मेरे बच्चे का ख़ून निकला था. उस लड़के का नाम मेरे सामने मत ले."

तिनं चहात दूध घातलं, पातेलं उतरवलं.

"पर उसकी माँ आयी थी," ती म्हणाली. "अकेली, एस्टी से. सब बोले, केस मिटाने आयी होगी. मैं दरवाज़ा बंद कर ली. वो बाहर ओटे पे बैठी रही. धूप आयी, धूप गयी, उठी नहीं. आख़िर मैं दरवाज़ा खोल के पूछी, क्या होना तुमको? बोली, कुछ नहीं होना. केस चलने दो. मेरे बेटे ने मारा, तो तुम्हारे बेटे को कितना लगा, इतना देख के जाती." पदरानं तिनं कपाळ पुसलं. "देखी. रोयी. फिर जखम भरने तक आती रही. कभी अंडे लायी, कभी घी. केस का एक लफ़्ज़ नहीं बोली." चहाची बशी माझ्या हातात देत तिनं पहिल्यांदा नीट माझ्या तोंडाकडे बघितलं. "लड़के का मैं कुछ नहीं बोलती. पर बेटी, सास देखनी है तो आँख बंद करके चली जा."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. कापसाचे दिवस होते, रस्त्याच्या कडेच्या झुडपांना गाड्यांतून उडालेला कापूस अडकला होता. राजूरच्या पुढे आबा म्हणाले, "काय करायचं, माय?"

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "आबा, मला सासू बघायची आहे."

तसा निरोप गेला. मामा म्हणाला, असा उलटा निरोप कुठं आस्तो का? पण ती आली. मुलालाही घेऊन आली. तोवर मिस्त्रीनं सायकल मारत जाऊन पिंपळगावात सगळं सांगितलं होतं. कोर्टातलं "आरोपीशी"सुद्धा त्यांना कळलं होतं. आमच्या घरात सगळे अवघडून बसलेले. आबा म्हणाले, "वाईट वाटलं असंल तर माफ करा. आमी तुमच्या मागं जाऊन चौकशी केली."

ती ठेंगणी, काळी, कपाळावर कुंकू नसलेली बाई सरळ बसून म्हणाली, "वाईट कशाला वाटंल? सोन्यासारखी पोर देऊन राह्यले तुमी. आमीच आधी सांगायला पायजे व्हतं. दिरानं सांगू दिलं न्हाई, आन मी तापात व्हते." मग ती माझ्याकडे वळली. "तुला त्याला काही इचारायचं का? इचार. माझ्या म्होरं इचार."

मी दाराच्या आतून विचारलं, "पुन्हा राग आला तर?"

त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "येनार न्हाई असं कसं सांगू? पन हातात काही घेनार न्हाई."

लग्न पुढे उन्हाळ्यात झालं. मिस्त्री आला, जेवला, वरातीत नाचला. त्याची आईही आली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि नवरदेवाकडे ढुंकूनही न बघता सासूबाईंजवळ जाऊन बसली.

राग होता. मिस्त्री खोटं बोलला नव्हता. वीज गेली, बैल अडला, हिशेब चुकला की माझ्या मालकांचा आवाज चढायचा आणि घर गप्प व्हायचं. एकदा जेवणाचं ताट अंगणात भिरकावलं होतं. सासूबाईंनी ते उचललं, घासलं आणि त्या दिवशी त्यांना पुन्हा वाढलं नाही. मलाही वाढू दिलं नाही. पण माझ्यावर किंवा पोरांवर त्यांनी हात उचलला नाही. मग पोरं मोठी होत गेली तसतसा तो रागही म्हातारा होत गेला. आता त्यांचा आवाज चढला तर नातवंडं हसतात.

सासूबाईंच्या हाताखाली माझी जवळजवळ वीस वर्षं गेली. आईजवळ जे बोलू शकले नाही ते त्यांच्याजवळ बोलले. आबा आले की दोघं ओट्यावर बसून पिकापाण्याचं बोलत, आणि मी आतून ऐकत भाकरी थापायची. ती संध्याकाळ, तो भाकरीचा वास, त्या दोघांचे आवाज. आता त्यातलं काही कुठेच नाही. एकदा शेंगा फोडता फोडता मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, त्या दिवशी हसनाबादला तुम्ही केस मिटवा असं का म्हणाला न्हाईत?"

त्या हसल्या. "तेच म्हनायला गेल्ते, बाई. रस्ताभर तेच घोकत गेल्ते. पाया पडीन, पदर पसरीन, सगळं ठरवलं व्हतं. पन त्या पोराचं डोस्कं बघितलं, आन तोंडातून निघालंच न्हाई." आणि पुढची शेंग फोडायला घेतली.

सासूबाई वारल्या तेव्हा आबा आधीच गेलेले होते. निरोप कळताच हसनाबादहून मिस्त्री म्हाताऱ्या आईला जीपमध्ये घालून घेऊन आला. तिला आता धड दिसत नव्हतं. ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. माझे मालक सकाळपासून रडले नव्हते, नुसते माणसांना हे आणा, ते आणा म्हणून ओरडत होते. तिनं त्यांचा आवाज ओळखला.

"इधर आ," ती म्हणाली.

ते आले. तिच्यापुढे उकिडवे बसले. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. तिनं चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"रो ले," ती म्हणाली. "माँ थी तेरी."

आणि ते रडले, लहान पोरासारखे हुंदके देऊन. मिस्त्री दारात पाठमोरा उभा होता. बाहेरगावची माणसं यायला लागली होती. मी उठून आत गेले, पाण्याचे हंडे भरायचे होते.